आत्मा अमर आहे, की अमर केला जातो?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मराठवाड्यात अंत्यविधीला जाणे याला 'मातीला जाणे' म्हणतात. चिता पेटणार असो की कबर खोदलेली असो, शब्द एकच. अशाच एका मातीला मी गेलो होतो. माझे एक ख्रिस्ती स्नेही, निवृत्त शिक्षक, त्यांच्या पत्नी वारल्या होत्या. दोन दिवसांनी भेटायला गेलो तेव्हा, आपण सगळेच जे बोलतो ते मी बोललो. म्हणालो, "सर, शरीर जातं, आत्मा तर अमर आहे."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "भाई, तुम्ही प्रेमानं म्हणालात. पण आत्मा आपोआपच अमर असता, तर आम्हाला पुनरुत्थानाची वाट कशाला पाहावी लागली असती?"

शेजारी त्यांचे मेहुणे बसले होते. सर प्रोटेस्टंट, पत्नीचे माहेर कॅथलिक. मेहुण्यांना ते बोलणे लागले. ते म्हणाले, "दाजी, असं कसं? ताईचा आत्मा आत्ताही देवाच्या हातात आहे. तिच्यासाठी आम्ही मिस्सा सांगितलीय." सर म्हणाले, "ती झोपलीय. शेवटच्या दिवशी देव उठवेल." एकाच घरात, एकाच बाईबद्दल, एकाच धर्मग्रंथाच्या आधाराने दोन उत्तरे. आणि हा पुस्तकी वाद नव्हता. तिच्यासाठी प्रार्थना करायची की नाही, ती आपल्याला ऐकते की नाही, हे त्यावर ठरणार होते. निघताना सरांनी मला विचारले, "तुम्ही वाचणारी माणसं. सांगा, ती आत्ता कुठं आहे?" मला उत्तर देता आले नाही. पुढे काही महिने मी जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात शब्दापासून करू. बायबलच्या जुन्या करारात 'आत्मा' किंवा 'जीव' या अर्थाने येणारा हिब्रू शब्द आहे 'नेफेश'. आमच्या कुराणातला अरबी 'नफ्स' हा त्याचा सख्खा भाऊ. नेफेश हा शब्द जुन्या करारात सातशेहून अधिक वेळा येतो, पण त्याला 'अमर' हे विशेषण एकदाही जोडलेले नाही. तो माणसाला लागतो तसा जनावरालाही लागतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस 'जिवंत नेफेश' होतो. म्हणजे माणसात नेफेश घातला जात नाही, माणूसच नेफेश होतो. तिथे 'घडवणे' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच कुंभाराच्या कामालाही वापरतात.

पुढच्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. आदामाने आज्ञा मोडल्यावर देव त्याला बागेबाहेर काढतो. कारण काय? तर त्याने जीवनवृक्षाचे फळ खाऊन सदासर्वकाळ जगू नये. माणूस स्वभावतःच अमर असता तर त्या झाडावर पहारा बसवण्याची गरज काय होती? नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अमरत्व एकट्या देवाजवळ आहे असे म्हटले आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल सांगतो की, मर्त्याने अमरत्व पांघरायचे आहे. जे पांघरायचे असते ते अंगचे नसते. सरांची बाजू ही अशी आहे.

मेहुण्यांची बाजूही कच्ची नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभावरून शेजारच्या अपराध्याला त्याच दिवशी सुखलोकाचे आश्वासन देतो. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की, इथून निघून ख्रिस्ताजवळ असावे अशी त्याला ओढ आहे. मरण म्हणजे निव्वळ गाढ झोप असेल तर या ओढीचा अर्थ काय, असे कॅथलिक विचारतात, आणि ते विचारणे रास्त आहे.

मग 'आत्मा स्वभावतः अमर' हा विचार आला कुठून? त्याचे एक मोठे उगमस्थान ग्रीस. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सॉक्रेटिस विषाचा पेला घेण्यापूर्वी शिष्यांना आत्म्याचे अविनाशित्व पटवून देतो. शरीर तुरुंग, मरण म्हणजे सुटका. हा सूर आपल्या कानांना परका नाही. पण पहिल्या ख्रिस्ती पंडितांना तो सहज पचला नाही. दुसऱ्या शतकातला जस्टिन हा प्लेटोचा अभ्यासक. तो सांगतो की, समुद्रकाठी त्याला एक वृद्ध भेटला आणि त्याने समजावले की, आत्मा म्हणजे स्वतः जीवन नव्हे, त्याला जीवनात वाटा मिळालेला आहे. देवाची इच्छा आहे तोवर तो जगतो. लीआँचा बिशप आयरेनियस याचेही म्हणणे याच अंगाचे. उलट टर्टुलियनने आत्म्याला स्वभावतःच अमर मानले. ऑगस्टिनने ३८७ साली आत्म्याच्या अमरत्वावर पुस्तिका लिहिली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस म्हणाला, आत्मा अवयवांचा बनलेला नाही, म्हणून तो कुजत वा विस्कटत नाही. पण त्यानेच हेही बजावले की, नुसता आत्मा म्हणजे पुरता माणूस नव्हे. शरीर परत मिळेपर्यंत माणूस अपुराच.

१९ डिसेंबर १५१३ रोजी रोममधल्या पाचव्या लॅटरन परिषदेने आत्मा मर्त्य मानणाऱ्यांचा निषेध केला. तीनच वर्षांनी, १५१६ मध्ये, पोम्पोनाझी या इटालियन तत्त्वज्ञाने लिहिले की, अमरत्व श्रद्धेने मानावे, तर्काने ते सिद्ध होत नाही. पुढे मार्टिन ल्यूथर मरणाला अनेकदा झोपेची उपमा देऊ लागला, तर कॅल्विनने आत्मा झोपतो या मताविरुद्ध १५३४ मध्ये ग्रंथच लिहिला. म्हणजे सरांच्या घरातले भांडण कॅथलिक-प्रोटेस्टंट एवढे सरळ नाही, ते प्रोटेस्टंटांच्या आतलेही आहे. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट पंथ आजही आत्म्याचे स्वाभाविक अमरत्व मानत नाही. १९५५ मध्ये ऑस्कर कुलमान या पंडिताने हार्वर्डमध्ये व्याख्यान देऊन विचारले की, ख्रिस्ती आशा कशावर उभी आहे, आत्म्याच्या अमरत्वावर की मृतांच्या पुनरुत्थानावर? त्याचे उत्तर होते, पुनरुत्थानावर. त्यावर पुष्कळ लोक दुखावले.

या प्रश्नाला एक भीतीची कडही आहे. आत्म्याला मरणच नसेल तर नरकात पडलेला कायमचा जळत राहणार. अमरत्व ही देणगी असेल तर ज्याने ती नाकारली तो शेवटी विझून जाईल. १९८८ मध्ये जॉन स्टॉट या इंग्लंडमधल्या नामवंत धर्मोपदेशकाने या दुसऱ्या मताकडे आपला कल असल्याचे सबुरीने सांगितले, तेव्हाही मोठा गदारोळ झाला.

आपल्या मातीतल्या माणसांनीही या प्रश्नाशी झुंज घेतली आहे. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. षड्दर्शनांची चिकित्सा करताना त्यांनी नेमके बोट ठेवले ते जीव अनादी आहे या कल्पनेवर. आपल्या दर्शनांत आत्म्याला शेवट नाही, कारण त्याला आरंभही नाही. ख्रिस्ती श्रद्धेत आत्म्याला आरंभ आहे, तो देवाने निर्माण केलेला आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटला. कारण मी सरांना "आत्मा अमर आहे" म्हणालो तेव्हा, नकळत एका दर्शनाची भाषा दुसऱ्याच्या दारात घेऊन गेलो होतो. मराठीत आत्मा म्हटला की हे सारे ओझे त्याच्याबरोबर येतेच. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे का वेचली असतील, ते अशा वेळी कळते.

इथे मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण होते. जानेवारी २०२० मध्ये आमच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष. एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर, म्हणून काहींनी विरोधही केला. प्रकृती बरी नसताना ते आले. 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस. हा प्रश्न त्यांना विचारावा असे आता वाटते, पण २५ जुलै २०२४ रोजी तेही गेले.

संमेलन भरले तो जिल्हा गोरोबाकाकांचा. तेर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. काकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे, कोणते भाजलेले हे पारखल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मला वाटते, सरांचे म्हणणे या गोष्टीतून सोपे होते. कच्चे मडके पाण्यात विरघळते, भाजलेले विरघळत नाही. ते टिकणे मातीच्या अंगचे नसते, आव्यातून मिळालेले असते. कुराणातही माणूस मडक्यासारख्या खणखणीत मातीचा घडवला असे म्हटले आहे, प्रत्येक नफ्स मरणाची चव घेणार असे सांगितले आहे आणि रूहबद्दल माणसाला फार थोडे ज्ञान दिले आहे असेही. तो थोडेपणा मी मान्य करतो.

मेहुण्यांचे म्हणणेही या मडक्याला सोडून जात नाही. कॅथलिक शिकवणीत आत्मा मरणाने नाहीसा होत नाही, पण तोही देवाने निर्माण केलेला आणि देवाने धरून ठेवलेला. अक्वायनसनेही मान्य केले होते की, देवाने हात काढून घेतला तर कोणतीच निर्मिती उरणार नाही. मग 'स्वभावतः अमर' याचा अर्थ एवढाच राहतो की, आत्म्यात कुजण्याचे कारण नाही. स्वतःच्या बळावर तो उभा आहे, असा नव्हे. एक म्हणतो, देव आत्ता धरून आहे. दुसरा म्हणतो, देव नंतर उठवेल. मधल्या काळाबद्दल दोघांचे पटत नाही आणि तो मतभेद खरा आहे, तो मी पुसू पाहत नाही. पण मेलेली बाई स्वतःच्या जोरावर जिवंत आहे, असे दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

वर्षश्राद्ध त्यांच्यात नसते, पण वर्षाच्या आठवणीला मी पुन्हा त्या घरी गेलो. मेहुणेही होते. सरांना म्हणालो, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही. पण मागच्या वेळी मी जे बोललो ते परत घेतो. आता एवढंच म्हणतो, ज्यानं बाईंना घडवलं, तो त्यांना विसरणार नाही."

सर मेहुण्यांकडे बघून म्हणाले, "याला तुमची हरकत आहे का?" मेहुणे म्हणाले, "नाही, दाजी." मग तिघे मिळून कबरीवर गेलो. मेहुण्यांनी मेणबत्ती लावली, सर डोळे मिटून उभे राहिले. मी माझ्या रीतीने हात उचलून दुआ मागितली. कोणी कोणाला थांबवले नाही.