जवसाच्या तेलातले दुहेरी बंध



रसायनशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे आपल्या मनात आले असेल, तर ते रास्तच आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. या विषयाकडे आम्हांला एका आगीने ओढले. येथल्याच एका कारखान्यात, नाव सांगत नाही, रंगकामाच्या शेडमध्ये रात्री आग लागली. कोपऱ्यात जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी एका रंगाऱ्याच्या हाती आरोपपत्र पडले : जळती बिडी टाकली. तो बिचारा सांगे, मी पाचलाच घरी गेलो आणि बिडी मी ओढत नाही. साहेबांचा सवाल एकच, आग काय आपोआप लागते?

लागते. पण ते सिद्ध करायला आम्हांला तेलाची पुस्तके उघडावी लागली. लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेतल्या एका विद्यार्थ्याने ती मिळवून दिली. खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून ही संस्था १९४२ साली उभी राहिली. त्या पैशात खाणमजुरांचा घामही आहेच.

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची साखळी. स्टिअरिक आम्लात १८ कार्बन, आणि त्यांना झेपतील तेवढे सगळे हायड्रोजन लागलेले. म्हणून ते संपृक्त. अशा सरळ साखळ्या एकमेकींशी दाटून बसतात. हे आम्ल वितळायला सुमारे ६९ अंश उष्णता लागते. नागपूरच्या मे महिन्यालाही ते दाद देत नाही. आता ९व्या आणि १०व्या कार्बनवरचा एकेक हायड्रोजन काढून घ्या. मोकळे झालेले हात एकमेकांना धरतात. हा दुहेरी बंध. साखळीला तेथे बाक येतो, दाटी मोडते आणि झालेले ओलेइक आम्ल १३-१४ अंशांवरच पातळ होते.

ऐकायला सोपे, पण प्रयोगशाळेत करून पाहा! साखळीतले मधले १६ दुवे बहुतेक एकसारखे. त्यांतला नववा कोणता, हे रसायनाला कसे कळावे? फार तापवावे तर साखळीच तुटते. ब्रोमीनची जुनी रीत आहे, पण तिने ब्रोमीन आम्लाच्या टोकाशेजारी बसतो आणि बंध तेथेच पडतो. उलटे काम मात्र सोपे. निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून तेल घट्ट करण्याचे पेटंट नॉर्मन यांनी १९०२ साली घेतले. आपल्याकडे १९३७ साली डालडा आला. त्या क्रियेत अर्धवट उरलेले कित्येक बंध भलत्या अंगाचे, म्हणजे ट्रान्स होतात. ते हृदयाला घातक. सरकारी मर्यादा २ टक्क्यांवर यायला २०२२ साल उजाडले, आणि तोवर कामगाराच्या ताटात काय पडत होते ते आपण जाणताच.

बंध घालण्याचे काम जिवंत पेशी करते. तिच्या विकरात एक अरुंद, वाकडी खाच असते. साखळी तीत बेताचीच शिरते आणि नववा-दहावा कार्बन लोखंडाच्या दोन अणूंजवळ येतो. एरंडाच्या बियांतल्या अशा विकराची रचना १९९६ साली उलगडली. लोखंड प्राणवायूला धरते, प्राणवायू दोन हायड्रोजन ओढून घेतो, आणि त्यांचे पाणी होते. प्राणवायूवाचून यीस्टला ओलेइक आम्ल करता येत नाही, हे ब्लूमफील्ड आणि ब्लॉक यांनी १९६० सालीच दाखविले होते.

जवसाचे रोप एका बंधावर थांबत नाही. दुसरे विकर १२व्या कार्बनवर, तिसरे १५व्यावर बंध घालते. तीन बंधांचे हे लिनोलेनिक आम्ल जवसाच्या तेलात साधारणपणे निम्मे असते. आपल्या शरीराला स्टिअरिक आम्लात नवव्या कार्बनवरचा बंध घालता येतो. त्यापलीकडे शेपटीकडे त्याचा हात पोचत नाही. म्हणून दोन आणि तीन बंधांची ती मूळ आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. अशा आम्लांवाचून उंदीर आजारी पडतात, हे बर पतिपत्नींनी १९२९ साली दाखविले. आमच्या आईने भाकरीवर जवसाची चटणी वाढताना हे वाचले नव्हते.

आता चिंध्यांकडे वळू. दोन दुहेरी बंधांमध्ये सापडलेला कार्बन आपला हायड्रोजन फार सैल धरतो. हवेतला प्राणवायू नेमका तेथे घुसतो आणि साखळ्या एकमेकींत गुंततात. दारावरचा तेलरंग वाळतो तो असाच. ज्या प्राणवायूने बियांत बंध घातला, तोच येथे त्याच्यावर उठतो. या क्रियेत उष्णता निघते. दारावरून ती उडून जाते. ढिगाच्या पोटात ती कोंडते, तिच्यामुळे क्रियेला आणखी जोर चढतो, आणि काही तासांत कापड पेटू शकते.

चौकशीत आम्ही हे सांगू लागलो तेव्हा साहेब हसले. मग आम्ही तेलाचा डबाच टेबलावर ठेवला. त्यावर बारीक इंग्रजीत हीच सूचना छापलेली होती. ती मोठ्याने वाचली. रंगारी कामावर परत आला, पण बुडालेला पगार त्याला निम्माच मिळाला. चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा आणि त्यात पाणी, ही मागणी मान्य व्हायला तीन महिने लागले. मराठीतली पाटी अजून लागलेली नाही.