शेवटच्या बाकावरचा गुरू

(शिक्षक दिनानिमित्त एका विद्यापीठ शिक्षणशास्त्र महाविद्यालयात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सभागृहात प्रवेश करतानाच महाविद्यालयाचे वार्तापत्र प्रत्येकाच्या हाती देण्यात आले आहे. अंक देखणा आहे. परीक्षेचा निकाल, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, वृक्षारोपण, चर्चासत्रात वाचले गेलेले शोधनिबंध, विद्यावाचस्पती पदवी संपादन केलेल्या अध्यापकांचे अभिनंदन, सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांना शाल-श्रीफळ देतानाची छायाचित्रे असे सारे काही त्यात आहे. एखाद्या संस्थेने वर्षभराचा हिशेब समाजापुढे ठेवावा ही रीत चांगलीच म्हणावी लागेल. मात्र शेवटून दुसऱ्या पानावर, तळाशी, दोन ओळींची एक वार्ता आहे. छात्राध्यापकांचे सराव पाठ शहरातील विविध शाळांत पार पडले, संबंधितांनी सहकार्य केले, त्यांचे आभार. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोनच ओळी आहेत, कारण उरलेला सारा अंक ज्या कामासाठी निघतो ते काम त्या दोन ओळींत दडलेले आहे.

सराव पाठ म्हणजे काय, हे छात्राध्यापकांना सांगायला नको. सभागृहात पालक आणि नागरिकही बसले आहेत, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगणे उचित ठरेल. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला एकदम साठ मुलांच्या वर्गात सोडले जात नाही. आधी सूक्ष्म अध्यापन येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात ही पद्धती आकाराला आली आणि पुढे भारतीय शिक्षणतज्ज्ञांनी तिला येथील परिस्थितीनुसार वळण दिले. येथे रूढ असलेले चक्र छत्तीस मिनिटांचे आहे. सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पाठाची पुनर्रचना, पुन्हा सहा मिनिटे अध्यापन, पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य घोटून घ्यायचे. प्रश्न कसा विचारावा, फळ्यावर कसे लिहावे, चुकलेल्या मुलाचा उत्साह न मोडता त्याला बरोबर उत्तराकडे कसे न्यावे. त्यानंतर सेतुपाठ, मग प्रत्यक्ष शाळेत पूर्ण तासिकेचे पाठ, आणि आता दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कित्येक आठवड्यांची शालेय आंतरवासिता.

या साऱ्या काळात वर्गाच्या शेवटच्या बाकावर एक व्यक्ती बसलेली असते. तिच्यापुढे पाठ निरीक्षणाची वही असते. वर्गातील मुले तिला विसरून जातात; फळ्यापाशी उभा असलेला छात्राध्यापक मात्र क्षणभरही विसरू शकत नाही.

कोणत्याही सराव शाळेत दिसेल असे एक दृश्य डोळ्यांपुढे आणावे. सहावीचा वर्ग, गणिताची तासिका, विषय अपूर्णांकांची बेरीज. छात्राध्यापिकेचे पाठ टाचण नेटके आहे, रंगीत पुठ्ठ्याची भाकरीसारखी वर्तुळे कापून आणली आहेत, आवाजही स्पष्ट आहे. दर दोन मिनिटांनी ती विचारते, ‘समजले का?’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘हो!’ तासिका संपते, मुलींच्या टाळ्याही पडतात. शेवटच्या बाकावरच्या वहीत मात्र एवढेच लिहिलेले असते : ‘समजले का – अकरा वेळा. खिडकीशेजारच्या मुलाने एकदाही हो म्हटले नाही. त्याने छेदांची बेरीज केली आहे. त्याची वही पाहा.’

पाठातील शोभेच्या भागाला भुलायचे नाही आणि नवख्या मुलीचा हिरमोड होऊ न देता तिची नजर त्या खिडकीशेजारच्या मुलाकडे वळवायची, हे काम दिसायला लहान आहे. पण त्या एका नोंदीने ती मुलगी पुढची तीस वर्षे वेगळ्या रीतीने शिकवील. वर्षाला एकच वर्ग धरला तरी किती मुलांच्या वह्या तेवढ्याने वाचल्या जातील याचा हिशेब ज्याने-त्याने करावा. शाल-श्रीफळाच्या प्रसंगी या नोंदीचा उल्लेख सहसा होत नाही. निवृत्त होणाऱ्या अध्यापकाने किती पुस्तके लिहिली, किती समित्यांवर काम केले ते सांगितले जाते. किती पाठांना तो शेवटपर्यंत बसला, हे कोणी सांगत नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने भूषविले. भाषांतरकार, व्याकरणकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या शास्त्रीबुवांना प्राथमिक शाळांच्या पंतोजींना घडविण्याच्या कामात कमीपणा वाटला नाही. शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ नावाचे मासिक निघत असे, तेही त्यांनी सांभाळले. पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी त्याचे संपादन केले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणारी लेखणी त्याआधी शिक्षकांच्या पत्रिकेत तयार होत होती, हे आज किती शिक्षकांना ठाऊक आहे? १८७५ साली शालापत्रक बंद झाले. महाविद्यालयाच्या वार्तापत्राचे संपादन करणाऱ्यांनी आपले घराणे केवढे थोर आहे हे जाणून घ्यावे, एवढ्यासाठी हा उल्लेख.

त्याही आधीची एक घटना आहे. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात, मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या कार्याबद्दल जोतिराव फुले यांचा सरकारच्या वतीने शालजोडी देऊन सत्कार झाला. शिक्षणकार्याच्या जाहीर गौरवाचा हा महाराष्ट्रातील आरंभीचा प्रसंग म्हणता येईल. त्या शालीचे वर्णन पुष्कळदा होते. सावित्रीबाईंनी शिकवण्यास उभे राहण्यापूर्वी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, ही गोष्ट तिच्या मागे झाकली जाते. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या हाताखाली त्या शिकल्या. अंगावर शेण-माती झेलणाऱ्या सावित्रीबाई सर्वांना माहीत आहेत. वर्गात उभे कसे राहावे हे दुसऱ्याकडून शिकून घेणाऱ्या सावित्रीबाई तितक्या माहीत नाहीत. वस्तुतः धैर्याइतकीच ती तयारीही वंदनीय होती.

विसाव्या शतकातील उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे. १९४५ साली अनुताई बोर्डीला ताराबाईंकडे गेल्या, तेव्हा त्या नवशिक्या नव्हत्या. पुण्यात हुजूरपागेसारख्या नामवंत शाळेत त्यांनी दशकभर अध्यापन केले होते. तरीही ताराबाईंच्या हाताखाली त्या पुन्हा शिकू लागल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काही उभे राहिले, अंगणवाडी काय किंवा मुले गुरे राखतात तेथेच जाऊन शिकवणारी कुरणशाळा काय, त्याच्या मुळाशी एका शिक्षिकेने दुसरीला वर्षानुवर्षे घडवत राहण्याची ही प्रक्रिया होती. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पुढे पद्मश्री. सन्मान उशिरा आले, काम त्यांच्यासाठी थांबले नव्हते.

ज्यांच्या जन्मदिनी आजचा सोहळा होतो, त्या डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांना १९२१ साली म्हैसूर सोडून कलकत्त्याला जावयाचे होते, तेव्हा विद्यार्थ्यांनी फुलांनी सजविलेल्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः स्थानकापर्यंत ओढत नेली. ही कथा सर्वांनी ऐकलेली असते. ती ऐकताना एक प्रश्न मात्र मनात यायला हवा. फुलांची गाडी ओढायला आजही हात पुढे येतील; पण तसा अध्यापक तयार करण्यासाठी जे लागते ते द्यायला समाज तयार आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या पंचवीस वर्षांनी दिले आहे आणि ते सुखावह नाही. शिक्षक-शिक्षणाच्या संस्था या काळात पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. २०१२ साली त्याचा अहवाल आला. पात्र ठरलेल्या संस्थांची संख्या पन्नासपर्यंतही पोहोचली नाही. इमारत कागदावर, ग्रंथालय कागदावर, विद्यार्थी हजेरीपटावर! ज्या पाठांना कोणी बसलेच नाही, त्यांचेही गुण नोंदले जातात अशी कुजबुज प्रत्येक जिल्ह्यात ऐकू येत होती. आयोगाच्या शिफारशींनंतर बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचे लक्ष्य ठेवले. एकट्या उभ्या असलेल्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयांनी बहुविद्याशाखीय व्हावे असेही त्यात म्हटले आहे. दिशा योग्यच आहे. परंतु वर्षे वाढवली म्हणून शेवटच्या बाकावर माणूस येऊन बसत नाही. त्याला तेथे बसवावे लागते, त्याच्याकडे वेळ असावा लागतो, आणि त्या वेळेला किंमत आहे असे संस्थेने मानावे लागते.

आता थोडे कटू, पण घरचेच. येथे सुशिक्षित, सुस्थित कुटुंबे बसली आहेत. मुलाला उत्तम शिक्षक मिळावा अशी प्रत्येक घराची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण दहावीला नव्वद टक्के मिळवणारी कन्या ‘शिक्षिका होईन’ म्हणाली, तर घरात आनंद होतो की चिंता? बहुतेक ठिकाणी काका-मामांची बैठक बसते आणि तिला समजावले जाते. यात कुटुंबांचाच दोष आहे असे नाही. प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षण सेवकाचे मासिक मानधन २०२३ पर्यंत अवघे सहा हजार रुपये होते. त्या वर्षी ते सोळा हजार झाले. तीन वर्षे त्याने त्यात भागवायचे. भरती वर्षानुवर्षे रखडते. या परिस्थितीत व्यवहारी बाप काय सांगणार? तरीही एवढे मान्य करावे लागेल की, ज्या पेशाकडे आपले मूल पाठवण्यास जे घर कचरते, त्याच पेशाला वर्षातून एकदा फुले वाहून त्या घराची सुटका होत नाही.

सुदैवाने या सभागृहात वेगळे चित्र आहे. समोर बसलेल्या छात्राध्यापकांत शेतकऱ्यांची, गिरणी आणि एस. टी.त राबणाऱ्यांची, घरात पहिल्यांदाच पदवी पाहणारी मुले-मुली आहेत. त्यांच्या घरात कोणी त्यांना परावृत्त केले नाही, उलट जमिनीचा तुकडा गहाण ठेवून शुल्क भरले. त्यांच्या वाट्याला शेवटच्या बाकावर जागा असणारा, पण माणूस नसणारा अभ्यासक्रम आला, तर ती फसवणूक सर्वांत गरीब घराची ठरेल.

मग गौरव कसा करावा? एक साधी सूचना वार्तापत्राच्या संपादक मंडळापुढे ठेवावीशी वाटते. पुढील अंकात दोन ओळींच्या जागी चार पाने सराव पाठांना द्यावीत. प्रत्येक मार्गदर्शकाने वर्षभरातील एकच नोंद निवडावी. छात्राध्यापकाचे नाव न देता पाठ काय होता, काय खटकले, दुसऱ्या खेपेला काय बदलले, एवढेच लिहावे. जुन्या शालापत्रकाच्या वाचकाला जे हवे होते तेच आजच्या शिक्षकालाही हवे आहे : वर्गात उद्या सकाळी उपयोगी पडेल असे काही. अशा चाळीस नोंदी एकत्र आल्या तर मराठीत अध्यापनावरचे ते एक मोलाचे पुस्तक होईल, आणि त्याला प्रकाशकाच्या दारी जावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट सराव शाळांच्या शिक्षकांची. स्वतःचा अभ्यासक्रम मागे पडत असताना ते आपला वर्ग नवख्या हाती देतात, बिघडलेला पाठ दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पुन्हा शिकवतात आणि कोणत्याही मानधनाशिवाय छात्राध्यापकाला मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी देता देता चार गोष्टी सांगतात. विद्यापीठाच्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नसते. आजही ते मागच्या तीन रांगांत बसले आहेत. व्यासपीठावर त्यांच्यासाठी खुर्ची नाही, यात कोणाचा हेतू वाईट होता असे नव्हे, तशी प्रथाच पडली आहे.

आंतरवासितेच्या नोंदवहीत मात्र त्यांची नावे शाळा आणि इयत्तेसह लिहिलेली आहेत. प्राचार्यांनी ती वही मागवून घ्यावी आणि सत्काराच्या शाली वाटण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नाव ध्वनिक्षेपकावरून सावकाश वाचावे. छात्राध्यापकांनी आपापल्या मार्गदर्शकाचे नाव ऐकताच जागेवर उभे राहावे.