विरोधी पक्ष कुणाचा?

सत्तेबाहेर बसलेला पक्ष आपोआप जनतेचा होतो, हा भ्रम आधी डोक्यातून काढा. १९६८ ची अमेरिका बघा. सत्तेवर डेमोक्रॅट जॉन्सन, विरोधात रिपब्लिकन निक्सन. मतदान ५ नोव्हेंबरला. तिकडं व्हिएतनाममध्ये गोरगरिबांची, काळ्या वस्त्यांतली पोरं मरत होती.

३१ ऑक्टोबरला जॉन्सननं उत्तर व्हिएतनामवरचे बॉम्बहल्ले थांबवल्याचं जाहीर केलं. पॅरिसची बोलणी पुढं सरकणार होती. तहाची चाहूल लागली की मतं सत्ताधाऱ्याकडं वळणार, हे निक्सनला पक्कं ठाऊक. मग त्याच्या गोटानं ॲना शेनॉल्ट या बाईंमार्फत दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला निरोप धाडला: दम धरा, आमचं राज्य येऊ द्या. थियूची स्वतःची कारणंही होतीच. २ नोव्हेंबरला त्यानं पॅरिसला यायला नकार दिला. निक्सन एक टक्क्याहून कमी फरकानं निवडून आला.

आणि जॉन्सन? चोरून फोन ऐकून त्याला सगळं कळलं होतं. खाजगीत तो याला देशद्रोह म्हणाला. लोकांपुढं चूप! चोरून ऐकल्याचं उघडं पडलं असतं ना. एकानं सौदा केला, दुसऱ्यानं झाकला.

तह झाला जानेवारी १९७३ मध्ये. तोवर आणखी २० हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी मुडदे तर त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून दोस्तांनो, मत मागायला कुणीही येवो, तोंडावर विचारा: तुझ्या विजयाची किंमत कुणाच्या पोरांनी मोजायची?