नावाचे मूळ घर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी मला सुप्याच्या शाळेत व्याकरण शिकविले. वाक्यात सर्वनाम आले की ते विचारीत, "हा 'तो' कोण? मागे जाऊन शोध." पुढे पस्तीस वर्षे मी मराठी शिकविले, ते या एका प्रश्नाच्या आधारावर. आज मी संगणकाविषयी बोलणार आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु बेळगावला अभियांत्रिकी शिकणारी माझी नात गेल्या सुट्टीत जो पाठ वाचीत होती, त्यात मला गुरुजींचाच प्रश्न भेटला.

माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविणारा अनुवादक म्हणजे कंपायलर. प्रोग्राममधील एका स्वतंत्र कामाला प्रोसिजर म्हणतात आणि किंमत साठविण्यासाठी दिलेल्या नावाला चल. १९६० ची अल्गोल आणि १९७० ची पास्कल या भाषांत एका प्रोसिजरच्या पोटात दुसरी लिहिता येते. समजा, 'शाळा' या प्रोसिजरच्या पोटात 'वर्ग' आहे आणि वर्गाच्या पोटात 'बाक'. 'घंटा' हा चल शाळेचा असला तरी बाकाला तो वापरता येतो. मात्र वर्गाने त्याच नावाची स्वतःची घंटा ठेवली, तर बाकाला तीच ऐकू येते. जवळचे नाव दूरच्या नावाला झाकते.

आता, बाकाने ही घंटा शोधावी कोठे? प्रोसिजर सुरू झाली की तिच्या चलांसाठी स्मृतीत एक चौकट तयार होते. या चौकटी आपल्या माजघरातील उतरंडीसारख्या एकावर एक रचल्या जातात. शेवटी ठेवलेले मडके प्रथम उतरते. प्रोसिजर स्वतःलाही पुन्हा बोलावू शकत असल्याने उतरंड कधी तीन मडक्यांची असेल, कधी तीनशेंची. म्हणून घंटेचा कायमचा पत्ता आधी सांगता येत नाही.

यावर उपाय असा की, प्रत्येक चौकटीत दोन दुवे ठेवायचे. मला कोणी बोलाविले, हा पहिला. तो काम संपल्यावर परतण्यासाठी. मी कोणाच्या पोटात जन्मले, हा दुसरा; तो नावे शोधण्यासाठी. हे दोन दुवे एकच नव्हेत. जोयड्याचा मुलगा पुण्याच्या मालकाने बोलाविले म्हणून तिकडे जातो. कामाचा हिशेब तो मालकाला देतो. पण 'आमची नदी' म्हणताना त्याच्या मनात मुठा नसते. दिग्गीला उगम पावून कारवारजवळ समुद्राला मिळणारी काळी नदी असते.

बाक तिसऱ्या पातळीवर, घंटा पहिल्या. तीन वजा एक, म्हणजे जन्माचे दोन दुवे ओलांडायचे. आणि त्या चौकटीत घंटेची जागा ठरलेली असते. ही वजाबाकी कंपायलर प्रोग्राम चालण्यापूर्वीच करून ठेवतो. उतरंड कितीही उंच असो, पावले दोनच. १९६० साली एड्सखर डायक्स्ट्रा यांनी याहून जवळची वाट दाखविली. प्रत्येक पातळीची चालू चौकट कोठे आहे, याचा एक तक्ताच ठेवायचा. मग एका पावलात काम होते. मात्र जाता-येता तक्ता दुरुस्त करावा लागतो. सी भाषेने पोटातल्या प्रोसिजरच नाकारल्या. तेथे नाव एकतर स्वतःचे, नाहीतर सर्वांचे. मधली घरे नाहीत, म्हणून दुवेही नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. आतली प्रोसिजर बाहेर पाठविली आणि तिला जन्म देणारी संपून गेली, तर? मडके उतरले, चौकट गेली. दुवा रिकाम्या जागेकडे बोट दाखवीत राहतो. पीटर लँडिन यांनी १९६४ साली प्रोसिजर आणि तिच्या नावांचा परिसर यांच्या एकत्र गाठोड्याला 'क्लोजर' असे नाव दिले. ज्या भाषांत अशी गाठोडी बाहेर नेता येतात, तेथे ती चौकट उतरंडीवर न ठेवता निराळी जपतात. तिच्याकडे जाणारा एक जरी दुवा उरला असेल, तोवर ती पुसत नाहीत.

नातीने हे सांगितले तेव्हा मी काही वेळ बोललो नाही. गुरुजींनी मला जेथे शिकविले, ते सुपा गाव काळीवरील धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, तालुक्याचे नावही बदलले. गावची कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. तेथली एखादी आजी अजूनही 'आमची वाट', 'आमचे देऊळ' म्हणते. ती वाट कोणती, हे तिला ठाऊक आहे. तिच्या नातवाला ठाऊक आहे काय?

विद्यार्थिमित्रहो, यंत्र शेवटचा दुवा तुटेपर्यंत चौकट जपते. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कामाला देते. आपल्या गावांचेही तसेच आहे. म्हणून या सुट्टीत एक वही करा. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा, आणि शेतांची, झऱ्यांची, वाटांची नावे ती कोठे होती या खुणेसह उतरवून घ्या. "हा 'तो' कोण?" असे विचारा आणि मागे जाऊन शोधा. गुरुजींचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.