काम देतो कोण, घेतो कोण?

(वसतिगृहातल्या कॉलेज विद्यार्थ्यांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तुम्ही म्हणाल, हा जर्मन भाषेवर काय बोलणार? बोलतो.

माझ्या धाकट्या बहिणीनं बी.ए.ला जर्मन घेतलंय. प्रवेशाच्या दिवशी खिडकीआडचा बाबू तिला म्हणाला, 'तुला झेपेल का? दुसरं काहीतरी घे.' तिनं अर्ज बदलला नाही. रात्री ती मोठ्यानं पाठ करायची, मी जेवता जेवता ऐकायचो.

ऐकलं तर काय, ही भाषा आपल्या शेजारची निघाली! हिंदीत लिंगं दोन. जर्मनमध्ये तीन, मराठीसारखीच. तो, ती, ते. डेअर, डी, डास. हाफेन म्हणजे बंदर, तो. आर्बाइट म्हणजे काम, ती. आणि मेडशेन म्हणजे मुलगी, ते! हसू नका. आपली आजी नाही म्हणत, 'ते पोरगं कुठं उंडारतंय?' विभक्त्या चारच : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. शब्दाला शब्द चिकटतो. हाफेन आणि आर्बाइटर मिळून हाफेनआर्बाइटर. म्हणजे गोदी कामगार. म्हणजे मी. 1896 च्या नोव्हेंबरात हाम्बुर्गच्या याच हाफेनआर्बाइटरांनी संप केला. सोळा हजारांवर माणसं अकरा आठवडे लढली आणि हरली.

एका रात्री बहिणीनं दोन शब्द वाचले. मालक म्हणजे आर्बाइटगेबर, काम देणारा. कामगार म्हणजे आर्बाइटनेमर, काम घेणारा. माझा घास हातातच राहिला. च्यायला, पाठ माझी, घाम माझा. काम मी देतो, घेतो तो! शब्दानं सगळं उलटं करून ठेवलंय. 'कॅपिटल'ची तिसरी जर्मन आवृत्ती 1883 साली निघाली, तिच्या प्रस्तावनेत एंगल्सनं या दोन शब्दांवर हेच बोट ठेवलं होतं. शब्द आजही तेच चालू आहेत. आणि आपल्याकडं तरी काय? कंत्राटदार म्हणतो, 'मी रोजगार देतो.' रोज ऐकत होतो, पण त्यातली लबाडी मला जर्मन शब्दानं दाखवली.

म्हणून सांगतो, नुसत्या मार्कांसाठी ही भाषा घेऊ नका. तिचा एकेक शब्द फोडून बघा.

आता त्या बाबूच्या 'झेपेल का'चं. बाबासाहेबांनी कोलंबियात जर्मन विषय घेतला होता. 1921 साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवताना त्यांनी आपली माहिती स्वतःच्या हातानं जर्मनमध्ये लिहून दिली. उत्तर शंभर वर्षांपूर्वीच देऊन झालंय.

पण भाबडे राहू नका. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. मात्र व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधी बँकेत अडकवून दाखवावा लागतो. 2024 च्या सप्टेंबरपासून ती रक्कम 11,904 युरो झाली, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. दार फुकट, उंबरठा दहा लाखांचा! तेव्हा भाषा पक्की करा आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरा. अडवलं तर एकटे परत फिरू नका, सगळे मिळून खिडकीवर जा.

माझी बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिच्या वहीतून अजून शिकतोय.

जयभीम.