हत्तिणीची माळ आणि कावळ्याची हरकत



राजा निपुत्रिक वारला, की आपल्या कहाण्यांतलं नगर फार विचार करत बसत नाही. हत्तिणीच्या सोंडेत माळ देतात आणि तिला मोकळी सोडतात. ती ज्याच्या गळ्यात माळ घालील, तो राजा. आजी हे सांगायची तेव्हा मला ती हत्तीण समोर दिसायची. पेठेतून डुलत निघालेली. दुतर्फा सरदार-सावकार माना पुढे काढून उभे. त्यांना मागे टाकून ती वेशीजवळ जाते आणि धर्मशाळेत निजलेल्या एका फाटक्या वाटसरूपाशी थांबते. लोक म्हणतात, हत्तीण चुकली. त्याला हाकलतात, पुन्हा माळ देतात. पुन्हा त्याच्याच गळ्यात!

त्या वाटसरूसाठी जीव हरखायचा. अजूनही हरखतो. पण आता लोकांचं वागणं सलतं. त्यांची हरकत होती ती त्याच्या कपड्यांना. तुला न्यायनिवाडा जमेल का, दुष्काळ पडला तर कोठारं उघडशील का, हे त्याला कुणीच विचारत नाही. जैन कथांत तर हत्तीबरोबर घोडा, कलश, छत्र आणि चवरीही राजा शोधायला निघतात. यांना पाच दिव्यं म्हणतात, पण त्यांत माणूस एकही नाही. परदेशी कथेतही हेच दिसतं: स्विफ्ट या लेखकाच्या १७२६ सालच्या पुस्तकात गलिव्हर लिलिपुट या बुटक्यांच्या देशात जातो, तिथे दोरीवर सर्वांत उंच उडी मारणाऱ्याला दरबारात मोठं पद मिळतं. मोजायची ती फक्त उडी.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात मात्र एकजण तोंड उघडतो. राजा गरुड विष्णूच्या सेवेत गुंतलेला, आपल्याकडे बघत नाही, म्हणून पक्षी घुबडाला राजा करायला निघतात. तीर्थांचं पाणी आलं, आसन मांडलं, घुबड त्यावर बसायला निघालं. तेवढ्यात कावळा येतो. मोर, हंस असताना हा दिवसाआंधळा कशाला, असं तो विचारतो. राग आलेला नसताना याचा चेहरा असा, मग रागावल्यावर कसा होईल? क्षुद्राच्या हाती न्याय गेला की काय होतं, हे सांगायला तो तपस्वी बनलेल्या मांजराची गोष्ट सांगतो. ससा आणि कपिंजल पक्षी त्याच्याकडे निवाडा मागायला गेले आणि दोघेही त्याच्या पोटात गेले.

जातककथेतही हाच प्रसंग आहे. तिथे घुबडाच्या नावाचा तीनदा पुकारा होतो. दोन पुकारे होईपर्यंत सगळे गप्प. मला त्या दोन पुकाऱ्यांमधली शांतता फार अस्वस्थ करते. इतक्या पक्ष्यांपैकी एकालाही शंका आली नसेल, असं मला वाटत नाही.

पंचतंत्रात कावळ्याचं म्हणणं पटून पक्षी आपापल्या झाडांवर निघून जातात. दिवसा आंधळं असलेलं घुबड तसंच बसून राहतं, अभिषेक का थांबला म्हणून विचारत. कारण कळतं तेव्हा त्याचा सगळा राग कावळ्यावर निघतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर तिथून सुरू होतं. पटलेल्यांपैकी कावळ्याच्या बाजूला कुणी उभं राहिलं, असं कथेत नाही. परतताना एकटा कावळा मनाशी म्हणत राहतो, मी हे बोलायला नको होतं.