टायर निघाला पार्सलने
कारचा टायर कुरिअरने पाठवायचाय? खोका शोधत बसू नका, रबर मुळातच दणकट. खरी मेख भाड्यात आहे. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार ५००० ने भागतात आणि तो आकडा खऱ्या वजनाहून जास्त असला, तर त्यावरच पैसे लावतात. १८५/६५ आर १५ मापाचा टायर साधारण ६२ सेंटिमीटर व्यासाचा, १९ रुंद. म्हणजे आठ-नऊ किलोच्या टायरला भाडं साडेचौदा किलोचं! घाई नसेल तर ट्रान्सपोर्टवाल्याकडे चौकशी कराच. रबरावर कागद टिकत नाही. आधी प्लास्टिक गुंडाळून मग पत्ता चिकटवा. रिम असेल तर दोन्हीकडून पुठ्ठा बांधा. आणि टायरच्या बाजूवरच्या, उत्पादनाचा आठवडा-वर्ष सांगणाऱ्या चार आकड्यांचा फोटो काढल्याशिवाय पार्सल हातावेगळं करू नका.